गोष्ट संपली की वेताळ होऊ नका

फेब्रुवारी लागला, परीक्षा तोंडावर आल्या की आमच्या मेडिकलमध्ये बुद्धीच्या सिरपांचा खप वाढतो. ब्राह्मी, शंखपुष्पी, बाटलीवर हसऱ्या पोराचं चित्र. मी डी. फार्म. आहे, कोल्हापुरात नवऱ्याबरोबर दुकान चालवते. मागितलेली बाटली देणं हे आमचं काम. पण अलीकडे एक नवीनच मागणी सुरू झालीय. परवा एक ताई मुलाला घेऊन आल्या. खोकल्याचं औषध घेतलं, पैसे दिले आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "वैनी, हा अभ्यासाचं वाचतोय बघा, पण गोष्टीचं पुस्तक म्हणून हातात धरत नाही. त्याच्यावर काही असतं का?"

त्याच्यावर काही! पिंपल्सवर असतं तसं.

मला ह्या विषयावर बोलायला आवडतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागे कुणीतरी इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन ताटकळत असतो, त्याला थांबवून बालवाचनावर प्रवचन झोडता येत नाही. म्हणून काउंटरवर अर्धवट राहिलेलं इथे लिहिते.

आमच्या माळ्यावर 'चांदोबा'चे जुने अंक आहेत. सासऱ्यांनी वर्षावर्षाचे गठ्ठे बाइंडिंग करून ठेवलेत, पुठ्ठ्याला अजून खळीचा वास येतो. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली सुरू झाला, आणि माझ्या पिढीपर्यंत तरी घरोघरी त्यातल्या विक्रम-वेताळासाठी भांडणं होत. आठवतंय ना? राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो, स्मशानाच्या दिशेने मुकाट चालू लागतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो. गोष्ट चांगली रंगते, आणि संपल्या संपल्या वेताळ प्रश्न टाकतो. वर धमकी, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकलं होतील. राजा उत्तर देतो. उत्तर दिलं की मौन मोडलं, वेताळ प्रेतासकट परत झाडावर. बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत.

आता आपल्या घराघरांतलं दृश्य बघा. पोरगं पुस्तक मिटतं. आई स्वयंपाकघरातून विचारते, "झालं? काय समजलं? तात्पर्य काय होतं?" बाबा मोबाइलमधून डोकं वर काढून विचारतात, "कुठलं पात्र आवडलं? का आवडलं?" पोराने सांगितलं तर पुढचा प्रश्न, नाही सांगितलं तर "नुसती पानं उलटलीस, डोक्यात काही शिरलं नाही." फरक एवढाच, की विक्रम राजा हट्टी होता. तो पुन्हा झाडाकडे जायचा. आठ वर्षांचं पोर जात नाही. ते सायकल काढतं आणि निघून जातं.

शाळेत हे सगळं होतंच. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले. त्याला माझी ना नाही, परीक्षा आहे म्हटल्यावर ते येणारच. पण घरातलं पुस्तक तरी त्या जाचातून सुटलेलं असावं. मोठ्यांना कुणी विचारतं का? माझा नवरा रात्री क्राइमची मालिका बघतो, तेव्हा मी त्याला "ह्या भागातून काय बोध घेतलास" असं विचारायला गेले तर घरात काय होईल, ह्याची कल्पना करून बघा.

मुलं वाचलेल्याबद्दल बोलतात. भरपूर बोलतात. फक्त आपण विचारतो तेव्हा बोलत नाहीत. आमची थोरली, जुई, एखादं पुस्तक संपवून गप्प राहते, आणि दोन दिवसांनी मी मेथी निवडत बसलेली असताना येऊन म्हणते, "मम्मी, तो म्हातारा खोटं बोलत होता असं मला आधीच वाटलं होतं." कुठला म्हातारा, कसलं खोटं, मला पत्ता नसतो. मी "असं?" म्हणते. तेवढं पुरतं, पुढचा अर्धा तास ती एकटीच बोलते. मेथी मात्र मलाच निवडावी लागते.

१५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. दिवस चांगला आहे, हेतू तर फारच चांगला. पण त्या दिवशी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर जे फोटो येतात ते बघून मला हसू येतं. रांगेत बसलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे. खाली पालकांना सूचना: मुलाकडून वाचलेल्या पुस्तकाचा सारांश दहा ओळींत लिहून घ्यावा. झालं. वेताळ पोचला शाळेतून घरात.

मग करायचं काय? ताई हाच प्रश्न विचारतात. माझं पहिलं उत्तर ऐकून बहुतेक जण नाराज होतात, कारण त्यात विकत घेण्यासारखं काही नाही. मोठ्याने वाचून दाखवा. मूल स्वतः वाचू लागलं तरी थांबवू नका. "आता तुला येतंय ना, तुझं तू वाच," असं म्हणून आपण नेमकं चुकीच्या वेळी हात काढून घेतो. पहिली-दुसरीतलं मूल अक्षर लावून जेवढं वाचू शकतं, त्याच्या कितीतरी पुढचं ते ऐकून समजू शकतं. त्याला स्वतःला वाचता येतं ते 'कमल नमन कर' ह्या तोडीचं, आणि डोक्याला हवा असतो युद्ध, दगाबाजी, राक्षस, पळापळ असा माल. मधली ही जी काही वर्षं असतात, ती आपल्या आवाजानेच भरून काढावी लागतात.

हे मी कुठल्या शिबिरात शिकले नाही. सासूबाईंकडे बघून कळलं. त्यांचं शिक्षण चौथी. पण श्रावणात रोज संध्याकाळी त्या 'नवनाथ भक्तिसार' काढतात. चाळीस अध्याय, सगळे ओव्यांत. समोर निरांजन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट ओळीवर, आणि आवाज असा की शेजारच्या जोशीकाकूंना त्यांच्या घरात बसून पुण्य लागावं. पोथी कळायला सोपी नाही, जुनी मराठी आहे. तरी आमचा धाकटा, शंभू, पाच वर्षांचा असल्यापासून पाटाशेजारी मांडी ठोकून बसायचा. का? कारण मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातून येतो. कानिफनाथ हत्तीच्या कानातून. आणि गोरक्षनाथ तर चक्क उकिरड्यातून! बाईला दिलेलं भस्म तिने उकिरड्यावर टाकलं, बारा वर्षांनी मच्छिंद्रनाथ परत आले, हाक मारली आणि आतून पोरगं "आलो" म्हणालं. शंभूने त्यानंतर कित्येक दिवस गल्लीतल्या कचऱ्याच्या कोंडाळ्याशी थांबून हाका मारल्या. सासूबाईंनी त्याला एकदाही विचारलं नाही, "सांग बघू, ह्यातून काय शिकलास?" अध्याय संपला की त्या पोथी कपड्यात गुंडाळायच्या, त्याच्या हातावर खडीसाखर ठेवायच्या आणि भाकरी थापायला उठायच्या.

मी रात्री दुकान बंद करून आले की वाचते. दमलेली असते, आवाज ओढल्यासारखा येतो, कधी कधी वाचता वाचता झोप लागून भलतंच वाक्य तोंडातून जातं. ("राजा म्हणाला, बिलावर बॅच नंबर टाक.") मुलांना ते फार आवडतं. नाटकी आवाज काढता आले पाहिजेत, वगैरे काही नाही. मुलांना आई हाताशी आहे आणि फोन हाताशी नाही, एवढं पुष्कळ असतं.

आता शंभूचं सांगते, कारण त्याच्यावरून मला वाचायला शिकणं म्हणजे काय हे नीट दिसलं. शंभू इंग्रजी माध्यमात आहे. घरात अस्सल कोल्हापुरी बोलतो, भांडतो, पण मराठी वाचायची वेळ आली की अंग चोरायचा. २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली हे खरं, पण आठवड्यातल्या मोजक्या तासांत वाचनाला वेग येत नाही. आणि वेग नाही तोवर गोडी नाही. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायला होत असेल तर गोष्टीत मजा येणार कुठून?

त्याचं घोडं जोडाक्षरापाशी अडायचं. साधी अक्षरं, काना-मात्रा चोख. जोडाक्षर दिसलं की गप्प. आणि सगळ्यात छळायचा तो 'र'. मोठं झाल्यावर आपण विसरतो, पण मराठीत ह्या एका अक्षराने किती रूपं घ्यावीत! 'क्र'मध्ये पायाशी तिरकी रेघ, 'ट्र'मध्ये खाली टोपी, 'तऱ्हा' लिहिताना आणखी निराळा, आणि रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. उच्चारायचा आधी, दिसतो नंतर. मुलाला हा सरळ अन्याय वाटतो.

माझं माहेर गडहिंग्लज. सुट्टीत एसटीने जायचं. स्टँडवर गाडीची वाट बघत बसलं की शंभूचा खेळ सुरू व्हायचा, येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्याने वाचायची. कागल. निपाणी. मिरज. सांगली. इचलकरंजी. आजरा. चंदगड. मलकापूर. गगनबावडा. राधानगरी. फलाटावरच्या बायका कौतुकाने बघायच्या, पोरगं काय वाचतंय! माझ्या एकदम लक्षात आलं, ह्यात एकही जोडाक्षर नाही. आमच्या जिल्ह्याने आणि आसपासच्या गावांनी मिळून नवशिक्या वाचकाची सोयच करून ठेवलीय. मग आमची गाडी लागली. शंभू पाटीकडे बघत राहिला. "गड... हिं..." आणि थांबला. मग म्हणाला, "मम्मी, मामाची गाडी आली." विषय संपला. मीही संपवला. फलाटावर 'ग' ला 'ल' जोडून दाखवायची ती वेळ नव्हती, जागा पकडायची होती.

मराठीत जोडाक्षरं नसलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात, मुद्दाम अशा मुलांसाठी केलेली. ती मी आणली, आणि त्यांचा फायदा झाला, कारण मुलाला न अडखळता पान संपवल्याचं सुख मिळतं. ते सुख फार मोलाचं आहे. पण जोडाक्षराचा बांध फोडला तो कोल्हापूरच्या फुटबॉलने.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात क्रिकेट टीव्हीवर बघतात आणि फुटबॉल जगतात. तालमींचे संघ आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं, आणि सामना सुटला की क्रेप बँडेज जातं. नवरा पाटाकडीलवाला, त्यामुळे शंभूला वेगळी निवड नव्हती. हंगामात रोज सकाळी पेपर आला की नवरा सामन्याचा वृत्तान्त मोठ्याने वाचायचा आणि शंभू दूध पीत ऐकायचा. पुस्तक वाचणं नवऱ्याला जमत नाही. मी त्याच्यामागे कधी लागलेही नाही. पण पेपरातला तो मजकूर तो असा वाचतो की आकाशवाणीने नोकरी द्यावी.

एका सकाळी होलसेलवाल्याचा माल लवकर आला, नवरा दुकानात पळाला, मी डबे भरत होते. पेपर तसाच टेबलावर. आदल्या संध्याकाळी पाटाकडीलचा सामना झालेला, निकाल माहीत होता, पण गोल कसा झाला ते शंभूला कळायलाच हवं होतं. तो पेपरावर अक्षरशः पालथा पडला. मी पोळी लाटता लाटता ऐकत होते. "पू... पूर... वार..." थांबला. पुन्हा. "पूर्वा... पूर्वार्धात!" दोन-दोन रफार असलेला शब्द! पुढे 'गोलरक्षक' होता, 'प्रतिस्पर्धी' होता, 'उत्तरार्धात' होता, 'निर्णायक' होता. पेपरवाल्यांना सोपं लिहायची सवय नाही हे किती बरं आहे! तो अडला, मागे आला, पुन्हा गेला. मला एकदाही विचारलं नाही, मीही पुढे झाले नाही. हात तेवढा आवरत नव्हता, पण तो पिठात होता. चेंडू जाळ्यात गेल्यावर त्याने मान वर केली आणि दूध मागितलं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. पुस्तकातलं जोडाक्षर अजून बरेच दिवस त्याला नकोसं होतं. पण पेपरातलं चालायचं, कारण तिथे त्याचं स्वतःचं काम अडलेलं असायचं. तेव्हा मुलाला कशाचं वेड आहे ते बघा आणि तेच छापील स्वरूपात त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवा. किडे, ट्रॅक्टर, किल्ले, कुस्ती, भूतं. पुस्तकच पाहिजे असा हट्ट नको. "हे काय वाचन आहे का" हे वाक्य घरातून हद्दपार करा. कॉमिक वाचन आहे. पेपर वाचन आहे. आमच्याकडे तर औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा वाचन आहे. जुई लहानपणी त्यातले दुष्परिणाम मोठ्याने वाचून गिऱ्हाइकं घाबरवायची, तेव्हा मात्र मला तिला आत पाठवावं लागलं.

एका गोष्टीवर मी काउंटरवर भांडले आहे, इथेही भांडते. "आधी अर्धा तास वाचायचं, मग मोबाइल मिळेल." हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येतं की ते कुठल्या तरी पाठ्यपुस्तकात असावं असं वाटतं. ह्यात पुस्तक झालं कडू औषध आणि मोबाइल झाला वरचा गूळ. पोर घड्याळाकडे बघत औषध गिळतं. औषधं विकून माझं पोट चालतं, म्हणून सांगते: गोळी कुणी आवडीने खात नाही, आणि बरं वाटलं की सगळ्यात आधी बंद करतात. वाचनाला बक्षीस नको, तक्ता नको, स्टिकर नको, "सुट्टीत पन्नास पुस्तकं"चं चॅलेंज तर मुळीच नको. पन्नासचा आकडा गाठायला पोरं सगळ्यात पातळ पुस्तकं शोधतात, आणि हुशार पोरं पहिलं-शेवटचं पान वाचतात. मोबाइलवर बंधन हवं, आमच्या घरीही आहे. पण ते बंधन आपल्या जागी आणि पुस्तक आपल्या जागी. दोघांचा सौदा लावू नये.

पुस्तकं आणायची कुठून, ह्यावर लोकांची पहिली तक्रार महागाईची. मुलांची चांगली चित्रांची पुस्तकं महाग झालीत, मान्य. पण नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स ह्यांची पुस्तकं अजून परवडतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी पुस्तकं हातात घेऊन बघा, चित्रं बघूनच कळतं की करणाऱ्याने मुलांना गृहीत धरलेलं नाही. 'स्टोरीवीव्हर' नावाची प्रथम बुक्सची वेबसाइट आहे, २०१५ पासूनची. तिथे मराठी गोष्टी फुकट आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्यांत लावलेल्या. छापून घ्यायलाही परवानगी असते. आमच्या दुकानाच्या प्रिंटरवर मी त्या काळ्या-पांढऱ्या छापल्या, स्टेपल केल्या, आणि शंभूने रंगवल्या. त्या रंगवलेल्या गोष्टी त्याला विकतच्या पुस्तकांपेक्षा जास्त आपल्या वाटतात.

'किशोर' मासिक लावा. बालभारती १९७१ पासून काढते. अंक मुलाच्या नावाने मागवा. पोस्टमनने घरात येऊन आठ वर्षांच्या माणसाचं पूर्ण नाव आडनावासकट पुकारणं, ह्याचा असर काही औरच असतो. शंभू तो अंक स्वतः फोडतो, बाकी कुणी रॅपरला हात लावायचा नाही. 'किशोर'चे जुने अंकही बालभारतीने नेटवर फुकट ठेवलेत. मी त्यात माझ्या लहानपणचे शोधत बसते, आणि दुकान उघडायला उशीर होतो.

आणि वाचनालय. आमच्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. शिवाय १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. तुमच्याही गावात असेल. पाटी धुळीने भरलेली असेल, आत दोन आजोबा पेपर वाचत बसलेले असतील, मुलांचं कपाट कुलपात असेल. किल्ली मागा. लाजू नका, मागा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन ह्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिलाच असा आहे, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. त्याच्या पुढचा आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. 'त्याचं' ह्याचा अर्थ आईला आवडलेलं नव्हे. मुलाला कपाटापाशी सोडा आणि तुम्ही बाहेर त्या आजोबांशेजारी पेपर घेऊन बसा. ते मूल भुताची, चुटक्यांची, फाटकी, लहान वयाची, फार मोठ्या वयाची, काय वाट्टेल ती पुस्तकं उचलेल. दोन पानं वाचून परत करेल. करू दे. अर्धवट टाकायची मुभा असली तरच नवीन पुस्तक उघडायचं धाडस होतं.

महाबळेश्वरच्या वाटेवर पाचगणीजवळ भिलार आहे, पुस्तकांचं गाव, मे २०१७ मध्ये सुरू झालेलं. घराघरांतून कपाटं ठेवलीत, एकेका घरात एकेका प्रकारची पुस्तकं, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. मुलांना घेऊन जरूर जा. शंभूने तिथे वाचण्यापेक्षा स्ट्रॉबेऱ्या जास्त खाल्ल्या, पण परक्याच्या ओसरीवर लोळून पुस्तक वाचता येतं आणि कुणी ओरडत नाही, हे त्याने पाहिलं.

जुई आता तेरा वर्षांची आहे. तिचं प्रकरण वेगळं. तिच्याकडे एक जाड इंग्रजी कादंबरी आहे, जादूची, ती तिने इतक्यांदा वाचलीय की कणा तुटला. तिने दुकानातून मायक्रोपोर टेप नेऊन त्याला बँडेज केलंय. "पुन्हा तेच काय वाचतेस, नवीन वाच," असं तिची आत्या म्हणते. मी आत्याला विचारलं, तुम्ही तीच जुनी गाणी रोज का ऐकता? पुढचं माहीत असलेलं वाचण्यात एक निवांतपणा असतो. शाळेत काही बिनसलं असलं की ती तेच पुस्तक काढते, हे मला आता तारखेवरून ओळखता येतं. शिवाय ती फोनवर कुठल्याशा हौशी लेखकांच्या भीतिकथा वाचते. एक मी चोरून बघितली. व्याकरणाचा मुडदा आणि पानोपानी रक्त. मी काही बोलले नाही. तेराव्या वर्षी मीही माहेरच्या माळ्यावर मामाने दडवलेल्या रहस्यकथा वाचतच होते. त्यात काही उच्च साहित्यमूल्य नव्हतं, पण जिना चढून वर जायची ओढ होती.

वयाला अगदीच न झेपणारं काही असेल तर बघावं लागतं, डोळे मिटून घ्या असं मी म्हणत नाही. पण बघायची रीत म्हणजे आपणही ते वाचणं. काढून घेतलं की ते दुसरीकडे वाचलं जातं, एवढाच फरक पडतो.

हल्ली मी दुकानात काउंटरच्या कडेला सलाइनचं एक रिकामं खोकं ठेवलंय. त्यात मुलांची जुनी मासिकं, कॉमिक, कणा तुटलेली पुस्तकं. चिठ्ठी घेऊन आईबाप उभे असतात तोवर पोरं खोक्यात हात घालतात. आयांना मी फक्त एक अट घातलीय: काय वाचलं ते पोराला इथे विचारायचं नाही. काही हसतात, काहींना राग येतो. एक बाबा म्हणाले, "मॅडम, मग वाचून उपयोग काय?" त्यांच्या पोराने तोवर मासिक शर्टाच्या आत घातलं होतं. मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या मोजल्या आणि बिल दिलं.

खोकं महिन्याभरात रिकामं होतं. मी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय, मुलांचं काही आलं की बाजूला काढ. तो काढतो, आणि मला गरज आहे हे ओळखून किलोमागे दोन रुपये जास्त लावतो. मागच्या वेळी त्याने 'किशोर'च्या गठ्ठ्यात शिताफीने जुन्या पंचांगांचं वजन घातलं होतं. सासूबाई खूश झाल्या.